किती वाव

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी घाट उतरून
डॉक्टर ऐनापुरे कुडाळला येतात,
मागच्या सीटवर मशीन, पट्ट्याने बांधलेलं,
शाळेत निघालेल्या पोरासारखं.
बाकीचे दिवस खोलीला कुलूप. चावी माझ्याकडे.

आज दुसरा नंबर सगुण मालंडकर,
वय सत्तावन्न, राहणार सर्जेकोट.
धंद्याच्या रकान्यात 'तांडेल' बसेना,
कॉम्प्युटरने त्याला 'इतर' केलं.
रात्री बारापासून घोटभर पाणी नाही,
तरी डाव्या कुशीला वळता वळता पडद्याकडे बोट:
"असला मशीन आमच्या ट्रॉलरार पण असा.
खयच्या कंपनीचा?"

दातांत रिंग बसवायच्या आत
त्याने आणखी एक प्रश्न घुसवला:
"किती वाव जाता गो ह्या?"

एकही नाही, काका. सव्वा मीटर.
तुम्ही हात पसरलेत तर
नळी संपेल, हात उरतील.

वरून सोनोग्राफी तीनदा झाली होती,
मालवणात, कणकवलीत, परत मालवणात,
आणि तिन्ही वेळा मध्ये आतड्यातला वारा.
ह्या आवाजाला वारा चालत नाही.
त्याला ओलं लागतं काहीतरी, टेकून बोलायला.
म्हणून नळीच्या टोकाला इवलासा फुगा, पाण्याने भरलेला,
आणि जठराच्या भिंतीला
आतून लावलेला कान.

गणपतीआधी आला होता तेव्हा पोट नगाऱ्यासारखं.
वाडीत कुणी करणी म्हणालं, कुणी दारू.
दारू होतीच. सत्यवतीने ती वीस वर्षं पोटात घातली,
फुगलं मात्र त्याचं.
त्या दिवशी डॉक्टरांनी आतल्या आत दार पाडलं,
जठरातून त्या साचलेल्या तळ्यात,
कातडीवर ओरखडा नाही,
दाराला चौकट म्हणून जाळीची बारकी नळी.
साडेसातशे मिली निघालं, चहाच्या गाळासारखं.
दुसऱ्या सकाळी त्याने पेज मागितली,
वर सोलाची कढी.

आज फक्त जाळी काढायची होती.
निघालीही.
डॉक्टर म्हणाले, आलोय तर एकदा फिरून बघू.

राखाडी. राखाडी.
भरती उतरल्यावर वाळूत राहतात तशा रेघा.
एक रक्तवाहिनी, निळी, मग लाल. ती चुकवून
किंचित डावीकडे
आणि हात थांबला.

पाणी होतं तोवर झाकलेलं होतं ते.
काही खडक ओहोटीलाच दिसतात.
स्वादुपिंडाच्या माथ्याशी, कोकमाच्या बीएवढं,
काळपट, कडा फाटलेल्या.

"सुई," ते म्हणाले.
पडद्यावर पांढरी रेघ काळ्यात शिरते,
मागे येते, शिरते,
मी मनात मोजते, अकरा, बारा,
आणि दर खेपेला गोळा माझ्या पोटात.
कणभर मांस. थोडं काचेवर पसरलं,
थोडं बाटलीत सोडलं.

शुद्धीवर येताना जीभ जड, डोळे छताला:
"गावला काय?"

आम्हाला बोलायची मुभा नाही.
रिपोर्ट मंगळवारनंतर, मी म्हटलं.
तो बराच वेळ गप्प. मग,
जणू मलाच समजावत,
"बरोबर. मशीन सावली दाखवता.
बांगडो काय जेली,
ता जाळा वर इल्याशिवाय कळना नाय."

सत्यवती दारात, पिशवीत ताकाची बाटली.
तिने काहीच विचारलं नाही,
माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मी मास्क काढला नाही.

मग नळी धुतली.
लांब ब्रश एका टोकाने घालायचा,
दुसऱ्या टोकाला दिसेस्तोवर,
पुन्हा, पाणी नितळ येईस्तोवर.
आज चार वेळा जास्त धुतली.

बाटली कोल्हापूरच्या सहाच्या गाडीला.
कंडक्टरने ती डब्यातून काढून
उजेडात धरली, हलवली,
"ह्यात तर काहीच नाही, मॅडम."
आहे, म्हटलं. तळाला.
उभी धरा.